मोटारसायकल कुणी घडवली?

कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेले यंत्र पूर्ण झाले, असे कारखानदार समजतो. अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांनी हे कधीच मानले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी जड हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचे मडगार्ड कापले, अनावश्यक ते सारे उतरवले. पुढे फोर्क लांबवले, चौकटीचा कोन बदलला, भागांवर क्रोमचा मुलामा चढवला. या 'चॉपर' गाड्या लहानसहान गॅरेजांत घडल्या. वेल्डिंग, घासकाम, रंगकाम सारे हातांचे.

धनिकांचा छंद म्हणून या प्रकाराकडे नाक मुरडून पाहणारे पुष्कळ आहेत, आणि क्रोमचा हा सोस काही वेळा हास्यास्पद होतो हे खरेच. परंतु त्या झळाळीमागे कारागीर उभा असतो, याचा त्यांना विसर पडतो. तसा तो इतरांनाही पडला.

१९६९ साली 'ईझी रायडर' हा चित्रपट आला आणि तारे-पट्ट्यांची टाकी मिरवणारी त्यातील 'कॅप्टन अमेरिका' ही गाडी मुक्त जीवनाचे प्रतीक होऊन बसली. पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर जगभर गाजले. गाडी ज्यांनी घडवली त्या क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी यांची नावे मात्र श्रेयनामावलीत नव्हती. दोघेही कृष्णवर्णीय. हार्डी लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गॅरेज चालवणारे निष्णात मेकॅनिक, तर व्हॉज नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन, त्यांना मुळापासून बदलून हे काम झाले. मुक्तीचे गीत गाणाऱ्या चित्रपटाने मुक्तीसाठी झगडणाऱ्यालाच अनामिक ठेवावे, याला काय म्हणावे?

भांडवलाची नजर मात्र तीक्ष्ण असते. १९७१ साली हार्ले-डेव्हिडसनने आपल्या मोठ्या गाडीच्या चौकटीस स्पोर्टस्टरचे हलके फोर्क जोडून 'सुपर ग्लाइड' बाजारात आणली. गॅरेजांतली कल्पना आता कारखान्यातून, किमतीच्या चिठ्ठीसह विकली जाऊ लागली. क्रोमचे भाग, रंगीत टाक्या, हँडल हे सर्व आज कंपन्यांच्या सूचिपत्रांतून मागवता येते. ज्यांच्या कापाकापीतून ही रुची जन्मली, त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

हार्डी १९९४ साली निवर्तले. २०१४ साली कॅलिफोर्नियातील लिलावात, त्या चित्रपटातील म्हणून एक गाडी १३ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेली. तिच्या अस्सलपणाबद्दल वाद उठला. कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा, याची कसून चर्चा झाली. व्हॉज तेव्हा हयात होते.