प्रयोगशाळेची वाट शिवाराकडे वळावी

जाफराबादचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जातो. तेथील संशोधनातून त्याच्या शिवाराला काय मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी पारतंत्र्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत असतानाच १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइटचा शोध प्रसिद्ध केला. १९०१ मध्ये बंगाल केमिकल ही कंपनी उभी केली, तर १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड सिद्ध केला. ज्ञान, उद्योग आणि स्वाभिमान यांत त्यांनी भेद मानला नाही.

पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये रद्द केली. सक्ती सरली, पण संख्येचा मोह सरला काय?

पूर्णाकाठच्या विहिरींतील नायट्रेट, कपाशीच्या रानातील सेंद्रिय कर्ब, फवारणीनंतर उरणारे विषारी अंश हे विषय परदेशी नियतकालिकांना कदाचित क्षुल्लक वाटतील. परंतु ज्या समाजाच्या करातून प्रयोगशाळा चालते, त्याच्यासाठी ते जीवनमरणाचे आहेत. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील एक तालुका अभ्यासासाठी दत्तक घ्यावा आणि निष्कर्ष मराठीतून ग्रामसभेत मांडावेत. नागार्जुनाचा वारसा केवळ गौरवगानाने टिकत नाही. तो परीक्षानळीतच सिद्ध करावा लागतो.