‘अज्ञात कारण’ कोणाच्या सोयीचे?

फुप्फुसांत सूक्ष्म गाठी उत्पन्न करणाऱ्या सार्कॉइडोसिस या विकाराचे कारण वैद्यकशास्त्र ‘अज्ञात’ असे नोंदवते. या शब्दाची किंमत कामगार मोजतो. कारण अज्ञात ठरले की जबाबदार कोणी उरत नाही आणि नुकसानभरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही.

१९४०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम येथील ट्यूबलाइटच्या कारखान्यातले तरुण कामगार धाप लागून खंगू लागले. ‘सेलमचा सार्कॉइड’ असे नाव देऊन वैद्यकजगत मोकळे झाले. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी मात्र रुग्णांच्या कामाची चौकशी केली. १९४६ साली १७ कामगारांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अपराधी होते नळ्यांच्या भुकटीतील बेरिलियम. १९४९ मध्ये दिवे-उत्पादकांनी त्याचा वापर थांबवला.

न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात जवानांची नियमित तपासणी होत असे, म्हणूनच तेथील आकडे बोलू शकले. २००१ पूर्वीच्या १५ वर्षांत या विकाराचे दर लाखामागे वर्षाला १५ नवे रुग्ण आढळत. जुळे मनोरे कोसळल्यावर, त्या धुळीत काम केलेल्या जवानांत पहिल्याच वर्षी हे प्रमाण ८६ झाले.

प्रत्येक रुग्णाचा विकार कामातूनच येतो असे नव्हे. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे. परंतु केसपेपरवर रुग्णाच्या कामाची नोंदच नसेल, तर ते अज्ञान शास्त्राचे नव्हे, व्यवस्थेचे होय.