वारीला निघताय? चालायला आणि पाणी प्यायला आजच लागा

माउली, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी निघेल. हाताशी थोडेच आठवडे उरलेत. पंढरपूरपर्यंत पायी जाणार असाल तर रोज सकाळी अर्धा तास चाला, मग तास, मग दीड तास. वारीत जी चप्पल वापरणार, तीच घालून चाला. कोऱ्या चपलेने पहिल्याच मुक्कामाला फोड येतात. मधुमेहात पाय बधिर असले तर ते कळतही नाहीत, म्हणून रोज रात्री तळपाय कुणाकडून तरी पाहून घ्या.

खरी काळजी वाटते ती पुणे ते सासवड या टप्प्याची. तीस किलोमीटरच्या वरची चाल, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी योगिनी एकादशी. उपाशीपोटी, दमट हवेत, घामाच्या धारांत घाट चढायचा! एकादशी जरूर करा, पण पाणी सोडू नका. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. साखर आणि सैंधव घातलेलं लिंबूपाणी उपासालाही चालतं. एरवी जलसंजीवनी बनवा: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपासाच्या दिवशी त्या कशा घ्यायच्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

आणि मायबहिणींनो, आडोसा मिळणार नाही म्हणून तुम्ही दिवसभर घोटभरही पाणी पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, भोवळ. हा दोष तुमचा नाही. दिंडीप्रमुखांनो, विसावा शौचालयाजवळच घ्या आणि बायांना पुरेसा वेळ द्या. वाटेवरच्या गावकऱ्यांनो, तुम्ही भाकरी देता, पाय चेपता. यंदा घरातलं शौचालयही वारकरी बायांसाठी उघडं ठेवा.

छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर तिथेच थांबा. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. घाट चढून झाल्यावर बघू, असं म्हणत एक पाऊलही पुढे टाकू नका.