रूपकाच्या पुढची पायरी

लहान मुलांना ज्यूंच्या संहाराविषयी सांगायचे ते रूपककथेतून, असे अनेक शिक्षक मानतात. ईव्ह बंटिंग यांचे ‘टेरिबल थिंग्ज’ (1980) हे त्याचे ठळक उदाहरण. रानातले प्राणी जातवार नेले जातात, उरलेले गप्प राहतात. पंचतंत्र-इसापनीतीवर वाढलेल्या मुलाला या मौनातला दोष चटकन कळतो. पण नेणारे तिथे निव्वळ ‘भयंकर’ असतात. त्यांना ना नाव, ना हेतू. संहार मात्र माणसांनी केला: 1935चे न्यूरेंबर्ग कायदे, याद्या, आगगाड्या. रूपकातून नेमके हेच गळते आणि अत्याचार वादळासारखा नैसर्गिक वाटू लागतो.

यावर कोणी यानुश कोर्चाक यांचा दाखला देईल. जुलै 1942मध्ये वॉर्सा घेट्टोतील त्यांच्या अनाथाश्रमात मुलांनी टागोरांचे ‘डाकघर’ सादर केले. ऑगस्टमध्ये मुलांसह त्यांनाही ट्रेब्लिंकाला नेण्यात आले. परंतु ती मुले वास्तव जगतच होती. रूपक त्यांचा आधार होते. दूरच्या मुलांसाठी तेच आडोसा ठरू शकते.

सोलापुरात आपण चार हुतात्म्यांना प्राण्यांच्या गोष्टीत लपवत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही नावे, 1930चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931ची येरवड्यातील फाशी हे सारे मुले पेलतात. दोन्ही घटनांची तुलना होऊ शकत नाही. सांगण्याची रीत मात्र घेण्याजोगी आहे. आरंभ रूपकाने खुशाल करावा. पण तास संपण्यापूर्वी ‘कोणी, कोणाला, कोणत्या कायद्याने?’ हे प्रश्न फळ्यावर यायलाच हवेत.