वणवा विझल्यानंतर

अलंकार शिकवताना ‘वणवा’ हा शब्द फार सोयीचा पडतो. बातमी वणव्यासारखी पसरते, मनात द्वेषाचा वणवा पेटतो, क्रांतीचा वणवा भडकतो. वर्गात एकदा हेच सांगत असता, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येणारी विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे डोंगराला वणवा लागला की पुढच्या पावसात वलगण कमी येते.’’ अर्ध्या वर्गाला वलगण म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनाही आगीचा आणि माशांचा संबंध लागेना. खरे सांगायचे तर मलाही लागला नव्हता.

मृगाच्या पहिल्या दमदार पावसात गोड्या पाण्यातील मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात चढून येतात, ती वलगण. अंडी घालण्यासाठी त्यांना उथळ, ताजे, वाहते पाणी हवे असते. वसईत मासा म्हटले की पापलेट, बोंबील आणि अर्नाळ्याच्या होड्या आठवतात. डोंगराकडच्या पाड्यांवर मात्र पावसाच्या आरंभीचे कालवण या ओढ्यातल्या माशांचे असते. समुद्रातील माशांच्या विणीसाठी पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती समुद्रापुरती. ओढ्यातल्या विणीची आठवण सहसा कोणाला होत नाही.

आता वणव्याकडे येऊ. तुंगारेश्वरचे सुमारे 85 चौरस किलोमीटरचे जंगल 2003 साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पानगळीच्या अशा जंगलात वणवा बहुधा जमिनीलगत सरपटतो. पाचोळा, गवत आणि लहान रोपे जळतात, मोठी झाडे उभी राहतात. जून उजाडला की सारे पुन्हा हिरवे होते आणि काही बिघडलेच नाही असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः बिघाडाचा दुसरा अंक तेव्हाच सुरू होतो. पाचोळ्याचे पांघरूण गेलेली माती पावसाचा मारा सोसू शकत नाही. राख आणि गाळ घेऊन पाणी ओढ्यात उतरते. दगडगोट्यांच्या फटी बुजतात, तेथे चिकटलेली अंडी गुदमरतात, बारीक गाळ माशांच्या कल्ल्यांत अडकतो. ज्या डोहांच्या आधाराने काही मासे उन्हाळा काढतात, ते डोह वर्षागणिक उथळ होतात. उघड्या जमिनीत पाणी कमी मुरते, म्हणून ओढाही लवकर आटतो.

यात हवामानबदलाची भर पडते. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच. उथळ डोहातील माशाला हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, ते आपण विसरलेलो नाही. असाच पाऊस जळलेल्या उतारावर कोसळला तर माती किती वेगाने खाली येईल, याची कल्पना करता येते.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात 2012 साली गिला खोऱ्यात मोठा वणवा लागला. तेथील दुर्मीळ गिला ट्राउट माशांवरचे मोठे संकट ज्वाळांपेक्षा नंतरच्या पावसाने आणलेल्या राखेच्या लोंढ्यांचे होते. काही मासे आधीच पकडून सुरक्षित स्थळी न्यावे लागले. आपल्या ओढ्यांतल्या माशांना असे कोण नेणार?

अशा वेळी बोट सर्वप्रथम आदिवासींकडे वळते. येथे विवेक हवा. स्वतःच्या खाचरात राब भाजणे आणि डोंगर पेटवणे या भिन्न गोष्टी आहेत. राबाची ठिणगी डोंगरात जाऊ शकते, हे खरे. पण सहलीला येऊन विडी-सिगारेटचे थोटूक टाकणाराही तितकाच जबाबदार आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु कायदा आग पाहतो, जळलेल्या क्षेत्राचा पंचनामा होतो; त्या आगीचा ओढ्यातला हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. जाळरेषा काढताना ओढ्यांच्या दोन्ही तीरांचा पट्टा आधी राखावा आणि वणव्यानंतरच्या पावसात डोहांची पाहणी व्हावी, एवढी मागणी तरी आपण करू शकतो.

आणि साहित्याच्या अध्यापकांनी काय करावे? आपल्या रूपकातला वणवा भडकतो, पसरतो आणि विझला की संपतो. संतकवितेतली मासोळीही आपण विरहाची प्रतिमा म्हणून समजावून देतो. तिचे पाणी कोठून येते, हे विचारत नाही. वणवा फाल्गुन-चैत्रातला, मासोळी ज्येष्ठ-आषाढातली. आपल्या अभ्यासक्रमात या दोघींची गाठ पडत नाही. त्या मुलीच्या एका वाक्यात ती पडली होती. ओढ्यांची, डोहांची, माशांची नावे अजून पाड्यांवरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. बोलींच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना तेथे पाठवावे. शब्द टिपले म्हणून मासा वाचणार नाही, हे मला कळते. पण ज्याला नावच उरले नाही, त्याच्या नाहीसे होण्याची तक्रार करणार तरी कोण?