मॉरिशसच्या वाटेवरून बऱ्हाणपूर

सतराव्या शतकात सुरत-आग्रा मार्गावरून जाणारा ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या आमच्या बऱ्हाणपुरात उतरला, तेव्हा येथील पडझडीची नोंद करूनही त्याची लेखणी रेंगाळली ती इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही व कैरोपर्यंत जाणाऱ्या येथील तलम वस्त्रांपाशी. व्यापाऱ्याची दृष्टी व्यापाराकडेच जाणार. परंतु फ्रेंच वळणाच्या मॉरिशस बेटावर हल्ली आमच्याकडील जी सुखवस्तू दांपत्ये जातात, त्यांची दृष्टी सहलकंपनीच्या छापील कार्यक्रमापलीकडे जाऊ नये, याचा मात्र मला विषाद वाटतो.

वास्तविक ते बेट दक्षिणोत्तर सुमारे ६५ किलोमीटर लांब, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालणारी. तेव्हा पतिपत्नींनी भाड्याची मोटार घ्यावी, उसाच्या मळ्यांतून मनसोक्त हिंडावे, वाट चुकल्यास विचारावी आणि उत्तर कोणत्या भाषेत येते याकडे कान द्यावा. (वाट विचारण्याचे काम पत्नीकडे सोपवावे, पुरुष ते अखेरपर्यंत टाळतो.) इंग्रजांनी १८१० मध्ये हा मुलूख फ्रेंचांकडून जिंकला, तथापि शरणागतीच्या तहात रहिवाशांचे धर्म, कायदे व रीतिरिवाज अबाधित राखण्याचे कबूल केले, त्यामुळे १९६८ पर्यंत इंग्रजी अंमल राहूनही दफ्तर इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये, दिवाणी संहिता नेपोलियनच्या वळणाची आणि बाजारात क्रिओल, अशी विलक्षण व्यवस्था तेथे आजही नांदते.

याच व्यवस्थेत आपली मराठीही आहे. १८३४ पासून करारबद्ध मजुरांचे जे तांडे पोर्ट लुईच्या अप्रवासी घाटावर उतरले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीजनही होते. त्यांचे वंशज पश्चिमेकडील कास्काव्हेलसारख्या गावांत भेटतात. गणेशोत्सवास सरकारी सुटी आहे, शाळांतून मराठी शिकविली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च अध्ययन होते. आणि इतके सारे असूनही घरातील मुले आपसांत भांडतात ती बहुधा क्रिओलमध्ये. मराठीला तेथे मान आहे, रोजचे काम नाही. उलट फ्रेंच टिकली ती केवळ तहाच्या कलमाने नव्हे. मळेवाले, वकील, संपादक या साऱ्यांनी आपला चरितार्थ व आपले तंटे तीत चालविले म्हणून.

आता आमच्या बऱ्हाणपुराकडे पाहू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. हिंदीशी आमचे वैर नाही. तहसील कचेरीत हिंदी चालावी हे राज्याच्या शिरस्त्यास धरूनच आहे. परंतु तापीच्या या काठावर दोन मराठी माणसे, एकमेकांची सात पिढ्यांची ओळख असताना, दुकानाची पायरी चढताच हिंदीत भाव करू लागतात, ही सक्ती कोणत्या सरकारने केली? लग्नपत्रिका आणि आरती एवढ्यावर आम्ही मराठीची बोळवण केली आहे, आणि मॉरिशसच्या मराठी माणसास जी सबब आहे, दीड शतकाहून अधिक काळाची व समुद्राची, ती महाराष्ट्रातील रावेरचे शेजारी असलेल्या आम्हांला मुळीच नाही. यंत्रमागाच्या कारखान्यातील हिशेब, केळीच्या बागेचा सौदा, निदान मराठी दुकानावरील पाटी मराठीत का असू नये, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.