रेशीमकिड्याकडून शिकावयाचे ते काय?

फॅशनच्या जगात सध्या ‘बायोमिमिक्री’ म्हणजे जैवानुकरण या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणून तसे कापड. शार्कच्या त्वचेवर बारीक खवले असतात, म्हणून तसा पोहण्याचा पोशाख. १९४१ साली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी फळे पाहून स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांना ‘वेल्क्रो’ सुचला, हे तर सर्वश्रुत आहे. यात वावगे काहीच नाही. परंतु निसर्गाकडून नेमके काय घेतले आणि काय सोडून दिले, हा प्रश्न फॅशनच्या प्रदर्शनांत सहसा विचारला जात नाही. तो आपण विचारला पाहिजे. कारण जे सोडून दिले जाते त्याची किंमत बहुधा कामगार मोजतो.

इतिहासाचा दाखला पाहावा. फ्रान्समधील इलेअर द शार्दोने यांनी रेशीमकिड्याचे अनुकरण करून कृत्रिम रेशीम तयार केले आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले. पण किडा तुतीचा पाला खाऊन, साध्या हवेच्या तापमानात, पाण्यात विरघळलेल्या प्रथिनापासून धागा काढतो. शार्दोने यांनी धाग्याचे रूप उचलले, कृती नव्हे. त्यांचा धागा स्फोटक नायट्रोसेल्युलोजपासून बनत असे. पुढे व्हिस्कोज रेयॉन आले. ते करताना कार्बन डायसल्फाइड वापरावे लागते. त्याच्या वाफेने युरोप-अमेरिकेतील रेयॉन कामगारांच्या मज्जातंतूंवर आघात झाला, कित्येकांचे मानसिक संतुलन ढळले. ग्राहकाला स्वस्त रेशीम मिळाले; विष मात्र कामगाराच्या वाट्याला आले.

रंगाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. दक्षिण अमेरिकेतील मॉर्फो फुलपाखराचा झळझळीत निळा रंग कोणत्याही निळ्या रंगद्रव्याचा नसतो. पंखांवरील सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, तेव्हा तो रंग दिसतो. हेच तत्त्व घेऊन जपानच्या ‘तेजिन’ कंपनीने पॉलिएस्टर आणि नायलॉनचे ६१ थर रचून ‘मॉर्फोटेक्स’ हा धागा काढला. त्याला रंगविण्याची गरजच नव्हती. धागा खनिज तेलापासूनचा होता, हा दोष खराच. तरी रंगाईवाचून रंग ही मोठी झेप होती. पुढे त्याचे उत्पादन बंद झाले.

या झेपेचे मोल तिरुपूरला विचारावे. तेथील रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली, ओरत्तुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी झाले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याला न्याय मिळाला, पण कामगाराची रोजी गेली. नदी वाचवावी की चूल, असा पेच दोन कष्टकऱ्यांमध्ये उभा करणारे तंत्र मुळातच सदोष असते. ज्या संशोधनाने हा पेच सुटू शकेल, ते नफ्याच्या हिशेबात बसते की नाही यावर सोडून कसे चालेल?

जॅनिन बेन्यस यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात जैवानुकरणाचा विचार मांडला, तेव्हा त्यात निसर्गाच्या आकाराबरोबर त्याची कृती आणि त्याची व्यवस्थाही अभिप्रेत होती. निसर्गात एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचे अन्न होतो. बाजाराने आकार तेवढा उचलला, कारण तो विकता येतो.

म्हणून नव्याचा विरोध हे आपले धोरण असू नये. मुंबईची ‘बीटीआरए’, अहमदाबादची ‘अटिरा’ या वस्त्रसंशोधन संस्था २०२० पर्यंत केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाशी संलग्न होत्या. रंगाईवाचून रंग आणि विषारी द्रावकावाचून धागा, हे विषय अशा संस्थांनी हाती घ्यावेत, त्यासाठी सरकारने पैसा द्यावा आणि निष्कर्ष यंत्रमागधारक व हातमाग विणकरांना खुले असावेत, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. वेतन आणि बोनस यांच्याइतकाच, कामगार रोज कोणत्या वाफेत श्वास घेतो हाही संघटनेचाच प्रश्न आहे.